अल्बेनियन माणसाच्या आडनावाला स्लाव शेपूट, आणि तरी ते कापत का नाहीत?

पाणपोई

युरो 2020 (कोरोनामुळे 2021 मध्ये झालेली) मधली ऑस्ट्रिया विरुद्ध नॉर्थ मॅसेडोनिया मॅच आठवतेय का कुणाला? 13 जूनला बुखारेस्टमध्ये झाली, ऑस्ट्रियाने 3-1 ने मारली. शेवटचा गोल ऑस्ट्रियाच्या मार्को आर्नाउतोविचचा (बाप सर्ब), आणि गोल झाल्यावर हा बाबा आनंद करायचा सोडून समोरच्या टीमच्या खेळाडूवर असा काही ओरडत सुटला की त्याच्याच टीमच्या डेव्हिड अलाबाने येऊन त्याचा जबडाच धरला. पुढे युएफाने एका मॅचची बंदी घातली. बातम्यांत आलं की शिवी अल्बेनियन असण्यावरून होती आणि ज्यांच्या दिशेने गेली त्यातला एक म्हणजे एझ्ग्यान अलिओस्की.

आता गंमत बघा. अलिओस्की हे 'स्की'वालं आडनाव ऐकून कोणीही म्हणेल की गडी स्लाव (म्हणजे सर्ब, मॅसेडोनियन वगैरे) आहे. पण मुळं अल्बेनियन. आणि 'आर्नाउत' म्हणजे तुर्की अमदानीत अल्बेनियन माणसाला म्हणायचे तो शब्द, म्हणजे शिवी देणाऱ्याच्या आडनावात अल्बेनियन बसलाय आणि शिवी खाणाऱ्याच्या आडनावात स्लाव. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच की काय.

तेव्हापासून शोधतोय तर असे बरेच निघाले. मॉन्टेनेग्रोचे 2022-23 मधले पंतप्रधान द्रितान अबाझोविच, उल्त्सिनचे अल्बेनियन, त्या देशाचे पहिले अल्बेनियन पंतप्रधान. नाव द्रितान अस्सल अल्बेनियन, आडनावाला 'ओविच'. कोसोवोतही 'इच'वाले अल्बेनियन सापडतात, फक्त तिथे टोपीवाल्या सी ऐवजी क्यू लिहितात.

तर प्रश्न असा, की हे शेपूट बळजबरीने लावलं असं सगळेच सांगतात, आता युगोस्लाव्हिया पण उरला नाही, मग लोक सरळ कापून का टाकत नाहीत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट खंड्या

पहिला नंबर माझा. खुर्ची पकडली, पॉपकॉर्न घेतले.

बाकी उत्तर सोपं आहे, सरकारी ऑफिसात कोण जाणार.

झुरिककर

खंड्या, तू गमतीत बोललास पण अर्धं उत्तर तेच आहे, त्यावर दफ्तरदार काका बोलतीलच. मी दुसरीकडून सुरू करतो.

माझ्या ऑफिसात कोसोवो आणि मॅसेडोनियाचे अल्बेनियन भरपूर आहेत (स्वित्झर्लंडमध्ये कुठेही जा, असतातच) आणि दुपारच्या कॉफीला हा विषय अधूनमधून निघतो. सगळ्यात आधी लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे आपण "मूळ आडनाव" म्हणतो तसं काही तिथल्या बहुतेक खेड्यांतल्या घरांना सरकारी अर्थाने नव्हतंच. माणूस म्हणजे अमक्याचा मुलगा तमका, अमक्या गावचा, आणि अमक्या 'फिस'चा. फिस म्हणजे कूळ किंवा टोळी, बेरिशा, गाशी, थाची, शाला, केल्मेंदी, 'होती' (हेही कुळाचं नावच) वगैरे. लग्न ठरवताना फिस बघायचं, एका फिसात सोयरीक नाही. म्हातारी माणसं पाच सात पिढ्यांचे बाप आजे पणजे घडाघडा म्हणून दाखवतात.

मग 1912 साली पहिल्या बाल्कन युद्धात कोसोवो आणि मॅसेडोनियाचा मोठा भाग सर्बियाकडे गेला, आणि दफ्तर घेऊन कारकून आला. त्याला रकाना भरायला आडनाव पाहिजे. बापाचं किंवा आज्याचं नाव काय? हसन. लिही हसनोविच. अली? अलिविच. संपला विषय. तो त्याच्या माणसांची आडनावं जशी पाडायचा तशीच याची पाडली, त्यात काही ठिकाणी मुद्दाम धोरण होतं आणि काही ठिकाणी नुसता कारकुनी खाक्या.

आता शेपूट कापलं तर उरतं काय? हसनी. पण हसनी हे तरी कुठे मूळ होतं? तो फक्त 1920 च्या आसपास जिवंत असलेला एक आजोबा. त्याच्या भावाच्या घराचं आडनाव दुसऱ्याच नावावरून पडलेलं. मुळात आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून माझा एक सहकारी म्हणतो की बदलायचंच तर फिसचं नाव लावेन, हसनी लावून काय मिळवलं? आणि फिसचं नाव लावावं तर गावात आधीच तीस घरं त्याच नावाची, पोस्टमन वेडा होईल. मग तो काहीच करत नाही. तो बेरिशा आहे हे त्याला आणि ज्यांना कळायला पाहिजे त्यांना माहीत आहे, पासपोर्टवरचं नाव परक्यांसाठी.

मला तरी हेच मुख्य कारण वाटतं. आपण आडनावाला जेवढा जीव लावतो तेवढा तिथे आडनावाला लावलेलाच नाही, तो जीव फिसमध्ये आहे.

चौकस_चिमणी

झुरिककर, छान लिहिलंत. पण "कारकुनी खाक्या" म्हणून फार सौम्य करताय असं वाटतं. 1918 ते 1941 मधल्या राज्यात अल्बेनियन भाषेत सरकारी शाळा काढायला परवानगी नव्हती, बाहेरून सर्ब आणि मॉन्टेनेग्रिन वसाहतवाले आणून जमिनी दिल्या गेल्या, त्याच काळात ही आडनावं पक्की झाली. माणसाचं नाव लिहिताना कारकुनाच्या मनात काय होतं ते सोडा, ज्याचं लिहिलं त्याला ते कसं वाटलं असेल?

आणि मॅसेडोनियाची गोष्ट तर अजून भारी आहे. नकाशावर बघा फक्त: 1912 पर्यंत तुर्क. मग सर्ब आले, 'इच'. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात बल्गेरियन आले, 'ओव्ह'. 1918 ला परत सर्ब, परत 'इच'. 1941 ला मध्य आणि पूर्व भागात पुन्हा बल्गेरियन, आणि पश्चिमेकडचा तेतोवो गोस्तिवार देबार हा पट्टा इटलीच्या ताब्यातल्या अल्बेनियाला जोडला, तिथे उलटं, शेपटं कापायची. 1944 नंतर टिटोच्या युगोस्लाव्हियातलं मॅसेडोनिया, आता 'स्की' आणि 'ओस्की'. तीस बत्तीस वर्षांत एकाच घराच्या आडनावाला इतकी वळणं. हे फक्त अल्बेनियनांचं नाही हां, मॅसेडोनियन ख्रिश्चन घरांचंही हेच झालं, एक भाऊ ओव्ह, एक इच, एक स्की अशी घरं तिथे खरंच आहेत आणि ते स्वतःच त्यावर विनोद करतात.

म्हणजे अलिओस्की हा 'अली'ला लागलेला तिसरा किंवा चौथा शिक्का असू शकतो. एवढं सगळं झाल्यावर घरातला म्हातारा म्हणत असेल की राहू दे बाबा, आता परत कोण येईल काय माहीत.

खवचट खंड्या

चिमणी ताई, म्हणजे आडनाव पेन्सिलने लिहायला पाहिजे होतं.

दफ्तरदार

नोंदणी खात्यात आयुष्य गेलं माझं, म्हणून या धाग्यात न लिहून राहवत नाही. बाल्कनमधला मी नाही पण जन्ममृत्यूचं रजिस्टर जगात सगळीकडे सारखंच असतं.

नाव बदलणं म्हणजे एक अर्ज नव्हे. नाव बदललं की त्या नावाला लटकलेलं सगळं बदलायला लागतं. सात बारा (त्यांच्याकडे जो काही जमिनीचा उतारा असेल तो), पेन्शन, शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, वारसाहक्क. आणि इथे घोडं पेंड खातं ते असं की वारसा सिद्ध करायला बापाचं आणि मुलाचं आडनाव जुळलं पाहिजे. चार भावांपैकी एकानेच बदललं तर वाटणीच्या वेळी तो परका ठरायची भीती. म्हणून बदलायचं तर सगळ्या भावकीने एकदम, आणि भावकी एकदम काय करते ते आपल्याला माहीतच आहे.

त्यात कोसोवोचं एक वेगळंच दुखणं. 1999 च्या युद्धात लाखो अल्बेनियनांना हाकलून देताना सीमेवर त्यांची ओळखपत्रं काढून घेतली, हे त्या वेळच्या वार्तांकनात आणि नंतर हेगच्या खटल्यांतही आलं. आणि सर्बियन प्रशासन मागे हटलं तेव्हा जन्म मृत्यू लग्नाची रजिस्टरं मोठ्या प्रमाणात सर्बियात नेली. 2011 मध्ये ब्रसेल्सच्या वाटाघाटींत ठरलं की त्याच्या प्रमाणित प्रती परत द्यायच्या, मग युरोपियन युनियनच्या मिशनने एकेक पान तपासून 12 हजारांहून जास्त पुस्तकांच्या प्रती कोसोवोला दिल्या. म्हणजे विचार करा, तुमच्या हातात कागद नाही, रजिस्टर दुसऱ्या देशात, आणि तुम्ही कोण हे सिद्ध करायचा एकच धागा म्हणजे जुन्या पुस्तकात जसं लिहिलंय तसंच नाव. अशा वेळी शेपटासकट नाव हाच पुरावा. ते कापायला निघालेला माणूस मला कोणी दाखवा, मी त्याला दोन मिनिटं थांबवून चहा पाजेन.

मिशिगन_मामा

दफ्तरदार काका, कडक!

मी डेट्रॉईटच्या बाजूला राहतो, इथे मॉन्टेनेग्रोच्या डोंगरातले, म्हणजे मालेसिया भागातले कॅथलिक अल्बेनियन खूप आहेत. त्यांच्या गावांचं केंद्र म्हणजे 'तुझी'. हो, गावाचं नावच तुझी, 2018 पासून ती वेगळी नगरपालिका आहे. (खंड्या, तू काही बोलायच्या आत सांगतो, सगळे जोक मी आधीच करून झालोय, बायकोने बंदी घातलीये.)

त्यांचा प्रकार झुरिककरांनी सांगितला त्याहून वेगळा आहे. तिथे आडनाव नव्हतं आणि कारकुनाने पाडलं असं नाही. तिथे 'आय'ने संपणारी नावं आधीपासून चालत होती: इवेझाय, ग्येलोशाय, गोयचाय, द्रेशाय. हा 'आय' म्हणजे अमक्याची माणसं, अमक्याचं घराणं. आणि स्लाव 'ओविच' म्हणजे पण तेच. त्यामुळे तिथे शेपूट जोडलं नाही, शेपूट बदललं. इवेझायचं इवेझिच, ग्येलोशायचं जेल्योशेविच, द्रेशायचं द्रेशेविच. घरात एक, सरकारी कागदावर दुसरं, आणि कित्येकांना दोन्ही आपलीच वाटतात. 'होती' या टोळीचा मुलूखच 1913 मध्ये लंडनला बसलेल्या बड्या देशांच्या राजदूतांनी सीमा आखताना दोन देशांत कापला, काही अल्बेनियात काही मॉन्टेनेग्रोत. एका टोळीतले चुलत चुलत भाऊ, सीमेच्या अलीकडे पलीकडे दोन स्पेलिंगं.

इथे अमेरिकेत बदलणं सोपं आहे. नागरिकत्वाचा जो अर्ज असतो त्यातच नाव बदलायचा रकाना आहे, आपल्याकडच्या कित्येकांनी त्याच रकान्यात मधलं वडिलांचं नाव उडवून टाकलंय. त्यामुळे डेट्रॉईट आणि ब्रॉन्क्समध्ये 'आय' परत घेतलेले पुष्कळ भेटतात. पण ज्यांनी त्या वेळी केलं नाही ते आता करत नाहीत, कारण धंदा त्या नावाने उभा राहिला. रेस्टॉरंटची पाटी, काँट्रॅक्टरचं लायसन्स, ट्रकवर रंगवलेलं नाव. माझा शेजारी बांधकामवाला आहे, 'विच'ने संपणारं आडनाव, घरात कट्टर अल्बेनियन, अल्बेनियाच्या झेंड्यावरचा दोन डोक्यांचा गरुड गॅरेजच्या दारावर. त्याला विचारलं तर म्हणाला की हे नाव घेऊन माझा बाप विमानातून उतरला, मी त्याचं नाव कशाला दुरुस्त करू?

अनघा_वाचते

वाचतेय आणि एक शंका. आपल्या गोव्यातल्या कॅथलिकांचं पण असंच ना? पोर्तुगीजांनी दिलेली आडनावं, डिसूझा फर्नांडिस वगैरे, आता पोर्तुगीज जाऊन इतकी वर्षं झाली तरी तीच. तसंच हे असेल.

चौकस_चिमणी

अनघा, थोडंसं सारखं आहे पण मला फरक मोठा वाटतो. गोव्यात आडनावाबरोबर धर्म आला आणि तो लोकांनी पुढे आपला केला, डिसूझा हे आज गोंयकार कॅथलिक असल्याचीच खूण आहे. अल्बेनियनांचं शेपटाबरोबर काहीच आलं नाही, ना धर्म ना भाषा. अबाझोविच मुसलमान घरातला आणि अल्बेनियन बोलणाराच राहिला. आणि पोर्तुगाल आज गोव्यावर हक्क सांगत नाही, सर्बिया मात्र कोसोवोला अजून आपलाच प्रांत म्हणतो. त्यामुळे तिथे हा विषय थंड झालेला नाही.

उत्खनन

इथे एक कोणीच न बोललेली बाजू मांडतो, शिव्या घालू नका. असं नसेल कशावरून की यातले काही मूळचे स्लावच होते, नंतर मुसलमान झाले आणि अल्बेनियन बोलायला लागले? मग शेपूट लावलेलं नाही, उरलेलं आहे.

झुरिककर

उत्खनन राव, शिव्या नाही घालत पण हे वाक्य चुकूनही माझ्या ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी बोलू नका.

याला एक जुना इतिहास आहे. सर्बियात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'आर्नाउताशी' नावाची कल्पना जोरात होती, की कोसोवोतले अल्बेनियन हे बहुतेक सगळे अल्बेनियन बनलेले सर्बच आहेत. म्हणजे मग त्यांना "परत" सर्ब करणं हा अन्याय नाही, दुरुस्ती आहे. पुढे कारकुनाने लावलेला 'इच' या कल्पनेला आयता पुरावा झाला. आधी तुम्हीच शेपूट लावायचं आणि मग म्हणायचं बघा बघा शेपूट आहे, आमचाच निघाला!

यावर अल्बेनियन बाजूचा ठराविक उलटा दावा म्हणजे शेपूट दिसलं की ते लावलेलंच, एकही घर कधी स्लाव नव्हतं. हेही टोकाचं आहे. सरहद्दीवर भाषा बदलल्या, दोन्ही दिशांनी बदलल्या. स्कँडरबेगचंच घर घ्या ना, अल्बेनियन राष्ट्राचा सगळ्यात मोठा वीर, त्याच्या भावांची नावं स्तानिशा आणि रेपोश, बहिणींत एक व्लाइका. पंधराव्या शतकात स्लाव नाव असणं म्हणजे स्लाव असणं नव्हतं, चर्चचा आणि दरबाराचा तो रिवाज होता. उलट मॉन्टेनेग्रोतल्या कुची सारख्या टोळ्यांत अल्बेनियन मुळाची घरं पिढ्यानपिढ्या सर्बियन बोलतात. त्यामुळे एकेका घराचं एकेक उत्तर. पण बाहेरचा माणूस घाऊक उत्तर घेऊन आला की त्या घरातला माणूस शेपूट कापायला किंवा राखायला हट्टाने तयार होतो.

चौकस_चिमणी

+1 आणि यात माझं आवडतं उदाहरण टाकते. श्त्येफेन ग्येचोवी. फ्रान्सिस्कन पाद्री, 1874 मध्ये कोसोवोतल्या यान्येवो गावी जन्म. या माणसाने डोंगरी अल्बेनियनांचा तोंडी कायदा, 'लेक दुकाजिनी' नावाच्या जुन्या सरदाराच्या नावाने ओळखला जाणारा कानून (हो, आपलाच 'कानून' शब्द, तुर्कांमार्फत तिकडे पोचलेला), गावोगाव फिरून लिहून काढला. रक्ताचा बदला कसा, पाहुण्याला अभय कसं, शपथ कशी, बांध कोरला तर काय, सगळं कलमवार. 1929 मध्ये प्रिझ्रेनजवळ त्याला सर्ब राष्ट्रवाद्यांनी गोळ्या घातल्या आणि पुस्तक त्याच्या मागे 1933 ला अल्बेनियातल्या श्कोदरहून निघालं. तर अल्बेनियनपणाचं इतकं मोठं काम करणाऱ्या या माणसाच्या आडनावात 'ओव्ह' बसलाय! घराणं क्रुएझीउ म्हणून सांगतात, म्हणून आता बरेच ठिकाणी ग्येचोवी-क्रुएझीउ असं जोडून लिहितात. पण नुसतं क्रुएझीउ कोणी करत नाही. केलं तर ओळखणार कोण?

त्याच यान्येवोचा अजून एक पाद्री, लुइज पालिच. 1913 मध्ये मॉन्टेनेग्रिन सैन्याने जबरदस्तीने धर्मांतरं चालवली होती तेव्हा त्याला मारलं. यान्येवो हे क्रोएशियन वस्तीचंही जुनं गाव, त्यामुळे क्रोएशियन म्हणतात आमचा पालिच, अल्बेनियन पुस्तकांत तो कित्येकदा पालाय असतो. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये श्कोदरला त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा अल्बेनियन चर्चने आडनाव पालिचच ठेवलं, फक्त स्पेलिंग क्यूचं. मला हे आवडलं.

मिशिगन_मामा

चिमणी, क्यूवरून आठवलं. बाहेरच्या माणसाला क्यू दिसला की वाटतं स्लाव 'इच' लपलाय. पण क्रास्निची (स्पेलिंग क्यूने) हे कोसोवोत सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे आणि ते आज्याच्या नावाला लावलेलं शेपूट नाही, ते अख्ख्या टोळीचं नाव आहे, ज्याकोवाच्या डोंगराळ भागातली क्रास्निचे टोळी. त्याचं काय कापणार? 'क्रास्न' उरेल, तो तर उलट अजून स्लाव दिसतो. इंटरनेटवर काही उत्साही पोरं प्रत्येक 'इची' कापायची यादी करत असतात त्यांना हे कोणीतरी सांगा.

उत्खनन

शिव्या न घातल्याबद्दल आभार. मग माझ्याकडून पण एक भर.

1877-78 च्या युद्धात सर्बियाने निशच्या आसपासचा मुलूख घेतला, तोप्लित्सा, कुर्शुमलिया, प्रोकुप्ल्ये, लेस्कोवात्स. तिथल्या अल्बेनियनांना हाकललं, ते कोसोवोत येऊन राहिले आणि त्यांना मुहाजिर, म्हणजे निर्वासित, म्हणायला लागले. या लोकांपैकी कित्येकांनी आडनाव म्हणून सुटलेल्या गावाचंच नाव लावलं. आणि त्या गावांची नावं स्लाव! प्रोकुप्ल्येजवळचं स्तातोवात्स, त्यावरून स्तातोव्त्सी. अशा माणसाला सांगा की तुझं आडनाव स्लाव वाटतं, बदल. तो म्हणेल ते माझ्या पणज्याच्या घराचा पत्ता आहे. बदललं तर तोप्लित्सात आमचं काही होतं हे सांगायला उरलं काय?

म्हणजे इथे स्लाव आडनाव राखणं हाच अल्बेनियन हट्ट आहे.

खवचट खंड्या

उत्खनन भाऊ, हे आधी लिहायचं ना, मी शिव्या टाइप करून तयार ठेवल्या होत्या.

अनघा_वाचते

मस्त चाललाय धागा. मला एक कळत नाही, स्लाव शेपटावरून एवढं, मग तुर्की शेपटांचं काय? तुर्क तर पाचेकशे वर्षं होते.

झुरिककर

अनघा, हा प्रश्न मी पण विचारलाय आणि समोरचा गप्प झाला होता.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण मदर तेरेसा. स्कोप्येमध्ये 1910 साली जन्म, घरचं नाव अन्येझ गोंजे बोयाजिउ. बोयाजी म्हणजे तुर्कीत रंगारी, रंगवाला, 'जी' हे तुर्की शेपूट आणि त्यावर अल्बेनियन 'उ'. पक्कं कॅथलिक घर, आणि आडनाव तुर्की धंद्याचं. होजा हे आडनाव घ्या, तुर्की, म्हणजे मुल्ला किंवा गुरुजी, आणि ते लावणाऱ्या एन्वर होजाने 1967 मध्ये अल्बेनियात धर्मावरच बंदी घातली. त्याच्याच राजवटीने 1975 ला हुकूम काढला की "अयोग्य" नावं बदला, धार्मिक नावं आणि परकी वाटणारी नावं दोन्ही त्यात आली, ग्रीक आणि स्लाव अल्पसंख्याकांना त्याचा चांगलाच फटका बसला. म्हणजे शेपूट कापायचा सरकारी कारखाना अल्बेनियातही होता हे विसरू नये. साहेबांचं स्वतःचं आडनाव मात्र योग्य होतं.

तुर्की शेपूट का टोचत नाही याचं माझं उत्तर असं की तुर्क गेले, आणि तुर्क त्या आडनावावरून तुझी जमीन मागत नाही.

दफ्तरदार

झुरिककर, शेवटचं वाक्य लाखातलं.

एक शंका मात्र. कायद्याने आता मार्ग मोकळा आहे ना?

झुरिककर

हो काका, कायद्याने मोकळाच आहे. मॅसेडोनियात 2001 च्या ओह्रिद करारानंतर (तिथल्या अल्बेनियनांशी झालेला समझोता) ओळखपत्रावर नाव अल्बेनियन भाषेत आणि लिपीतही येतं, मॉन्टेनेग्रो आणि कोसोवोतही नावबदलाचा कायदा आहे. त्यामुळे तरुण पोरं बदलतात, विशेषतः लग्नाआधी किंवा पहिलं मूल व्हायच्या आधी, म्हणजे पुढचे कागद एकाच नावाने होतात. ज्यांची मुलं शाळेत गेली ते बहुतेक नाद सोडतात.

इथे स्वित्झर्लंडमध्ये अजून एक कारण आहे, ते जरा कडू आहे. 'इच' आडनाव असलं की घर भाड्याने मिळताना, नोकरीला अर्ज टाकताना त्रास होतो असं सगळे सांगतात. त्यामुळे काही जण 'इच' काढतात ते अल्बेनियन दिसायला नाही, युगोस्लाव्ह न दिसायला. आणि काही जण तेवढ्याच कारणासाठी काढत नाहीत, घरमालकाला बरं वाटावं म्हणून मी का नाव बदलू.

चौकस_चिमणी

बायकांचं कोणी बोललंच नाही! मॅसेडोनियात 'स्की'चं बाईला 'स्का' होतं. म्हणजे भाऊ अलिओस्की तर बहीण अलिओस्का. अल्बेनियन आडनावात असा फरक होत नाही, बेरिशा तो बेरिशा ती पण बेरिशा. आता हे कुटुंब जर्मनीत गेलं की तिथला कारकून विचारणार, तुम्ही भाऊ बहीण तर आडनावं वेगळी का? नवरा बायकोला तर लग्नाचा दाखला घेऊन फिरावं लागतं. मला वाटतं शेपूट कापायची घाई बायकांनाच जास्त असावी.

मिशिगन_मामा

चिमणी, पटतंय. शेजाऱ्याची बायको मॅसेडोनियातली, तिने नागरिकत्वाच्या वेळीच 'स्का' उडवलं. नवऱ्याचं 'विच' अजून तसंच आहे.

उत्खनन

प्लाव आणि गुसिन्येचं राहिलं. मॉन्टेनेग्रोचा पूर्वेकडचा कोपरा, 1878 च्या बर्लिन काँग्रेसने मॉन्टेनेग्रोला दिला आणि तिथल्या अली पाशाने लढून द्यायचं नाकारलं. प्रिझ्रेनच्या लीगचा, म्हणजे तेव्हाच्या अल्बेनियन संघटनेचा, नावाजलेला सरदार. अल्बेनियन त्याला अली पाशा शाबानागाय म्हणतात, बोस्नियाक (तिकडचे स्लाव भाषा बोलणारे मुसलमान) म्हणतात शाबानागिच. आणि आजही त्या भागात एकाच घराण्याच्या दोन फांद्या असतात, एक स्वतःला अल्बेनियन म्हणवते, एक बोस्नियाक, आडनाव एकीचं 'आय' एकीचं 'इच'. रेजेपागाय आणि रेजेपागिच तसंच. तिथे शेपूट ठेवणं किंवा बदलणं म्हणजे आपण कुठल्या बाजूचे हे जाहीर करणं, आणि सगळ्यांनाच ते जाहीर करायचं असतं असं नाही. ईदला एकाच घरी जेवायचं असतं ना.

पाणपोई

बाप रे, एका मॅचवरून कुठे पोचलो. सगळ्यांचे आभार. झुरिककर, जमलं तर फिस आणि कानूनवर वेगळा धागा काढा, बांध कोरला तर काय शिक्षा ते वाचायचंय, गावाकडे उपयोगी पडेल.

झुरिककर

काढतो. शेताच्या हद्दीच्या दगडावर कानूनमध्ये बरंच काही आहे, हद्दीचा वाद मिटवताना म्हातारा खांद्यावर दगड आणि मातीचं ढेकूळ घेऊन शपथेवर बांध चालून दाखवायचा. पण आधी ऑफिसातल्या त्या बेरिशाला विचारतो, त्याच्या आजोबांनी असा वाद मिटवलेला आहे.

खवचट खंड्या

आणि कागदावर त्याचं आडनाव काय?

झुरिककर

ते नाही सांगणार.